वाचकांचे प्रश्न : चर्च सोडले, म्हणजे विश्वास सोडला का?

प्रश्न : आमचे गाव दर्यापूर तालुक्यात आहे. गावात ख्रिस्ती घरे मोजून अकरा. माझ्या सासऱ्यांच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हापासून हे घराणे चर्चचे. गेल्या काही वर्षांत मात्र चर्चच्या जागेवरून आणि समितीच्या निवडणुकीवरून दोन तट पडले, प्रकरण कोर्टात गेले, आणि आता उपासनेला बसलेली माणसेही एकमेकांना सलाम करीत नाहीत. तीन वर्षांपासून मी जाणे बंद केले आहे. रोज पहाटे चहाचे आधण ठेवण्यापूर्वी नव्या करारातला एक अध्याय वाचते आणि प्रार्थना करते. सासूबाई म्हणतात, "चर्चात जात नाही त कायची ख्रिस्ती वं तू?" अमरावतीला शिकणारा मुलगा म्हणतो की धर्म ही संस्था आहे आणि श्रद्धा ही ज्याची त्याची बाब आहे, पहिली सुटली तरी दुसरीला धक्का लागत नाही. मी कोणाचे ऐकावे?
— एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, सप्रेम सलाम. तुमचे पत्र मी दोनदा वाचले. सासूबाईंचे म्हणणे मला जितके कडक वाटले तितके चुकीचे वाटले नाही, आणि मुलाचे म्हणणे जितके सुटसुटीत वाटले तितके पुरते वाटले नाही.

मुलाने दोन गोष्टी मानल्या आहेत, धर्मसंस्था आणि श्रद्धा. ख्रिस्ती परंपरेत या दोहोंच्या मध्ये आणखी एक गोष्ट आहे आणि तिला आपल्या मराठीत फार चांगला शब्द आहे : मंडळी. नव्या करारात ज्या ग्रीक शब्दासाठी आपण 'मंडळी' म्हणतो, त्याचा मूळ अर्थ बोलावलेल्या माणसांची सभा असा आहे. त्यात इमारत नाही, सातबारा नाही, विश्वस्तांची यादी नाही. पहिल्या शतकातले ख्रिस्ती लोक घराघरांतून जमत असत. इमारती, पदे, घटना, मतदारयादी हे सारे पुढे येत गेले, आणि ते येणे अटळही होते, कारण विधवांना धान्य वाटायचे म्हटले तरी कोणीतरी हिशेब ठेवावा लागतो. नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात सहाव्या अध्यायात नेमका याच वाटपावरून तंटा झाला आहे आणि तो मिटवण्यासाठी सात जण नेमले गेले आहेत. म्हणजे समिती आणि समितीवरचे भांडण या दोन्ही गोष्टी आपल्याकडे पहिल्या पिढीपासून आहेत. हे मी समर्थन म्हणून सांगत नाही. तुमच्या गावातच काही विपरीत घडले, असे तुम्हाला वाटू नये, एवढ्यासाठी सांगतो.

तुमचा राग संस्थेवर आहे आणि तो रास्त आहे. पण तुम्ही सोडली आहे ती मंडळी. हे दोन्ही एकाच छपराखाली बसतात, म्हणून ते एकच वाटतात.

आता घरातल्या प्रार्थनेविषयी. प्रभू येशूने खोलीत जाऊन, दार लावून, गुप्तपणे प्रार्थना करायला सांगितले, हे मत्तयाच्या सहाव्या अध्यायात आहे; चौकात उभे राहून लोकांना दिसावे म्हणून प्रार्थना करणाऱ्यांना त्याने ढोंगी म्हटले. शोमरोनी स्त्रीने देवाची उपासना या डोंगरावर करावी की यरुशलेमात, असे विचारले तेव्हा त्याने दोन्ही जागा बाजूला ठेवल्या आणि आत्म्याने व खरेपणाने उपासना करण्याविषयी सांगितले. ही वचने मुलाच्या बाजूची आहेत. परंतु हाच येशू शब्बाथ दिवशी आपल्या परिपाठाप्रमाणे सभास्थानात जात असे, असे लूक चौथ्या अध्यायात लिहितो. ज्यांच्यावर त्याने इतके कोरडे ओढले, ते परूशी, म्हणजे धर्मनियमांबाबत कडक असलेल्या यहुदी पंथाचे लोक, त्या सभास्थानात बसलेले असणारच. तरी तो जात राहिला, आणि मंदिरात व्यापार चाललेला पाहिला तेव्हा चौरंग उलथे करण्यासाठीही तो मंदिरात गेला. बाहेर राहून निषेध करणे त्याला सोपे होते.

शिवाय, घरातली श्रद्धा निव्वळ घरातली कुठे असते? पहाटे तुम्ही जो अध्याय वाचता तो मराठीत आहे. मराठी नवा करार १८११ साली बंगालमधल्या सेरामपूरच्या मिशनने छापला, आणि त्यानंतर कित्येक पंडितांनी, मिशनऱ्यांनी आणि संस्थांनी तो पुन्हा पुन्हा तपासला. तुम्ही प्रार्थनेत 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणता तेव्हा एकट्या असूनही 'आमच्या' म्हणता. ती प्रार्थना शिकवतानाच अनेकवचनात शिकवली गेली आहे.

इथे दोन मराठी माणसांची आठवण काढल्यावाचून राहवत नाही, कारण तुमचा प्रश्न त्यांनी माझ्यापेक्षा जास्त किंमत देऊन सोडवला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना नवा करार कोणा चर्चमध्ये मिळाला नाही. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका परक्या सहप्रवाशाने तो त्यांच्या हाती ठेवला. डोंगरावरील प्रवचनाने ते भारावले आणि १८९५ साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. इथपर्यंत सारे एकट्याचे आहे. त्यानंतर वीसेक वर्षे ते अमेरिकन मराठी मिशनमध्ये राबले, आणि १९१७ साली मिशनच्या वेतनातून स्वतःला मोकळे करून साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात यावेत, अशी त्यांची कल्पना होती. १९१९ साली ते गेले आणि दरबार फार वाढला नाही. मला त्यात लक्षात घ्यावेसे वाटते ते हे, की मिशनची चौकट नकोशी झालेल्या माणसानेही लगेच दुसऱ्या माणसांना बोलावले. एकटा बसून अभंग लिहिणे त्यांना सर्वांत सहज जमले असते, पण तेवढ्याने त्यांचे भागले नाही.

पंडिता रमाबाईंचे तर याहून तिखट आहे. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर अँग्लिकन चर्चच्या लोकांनी त्यांना काय मानावे आणि कोणाचे ऐकावे हे सांगायला सुरुवात केली, तेव्हा बाईंनी स्पष्ट कळवले की एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटल्यावर दुसऱ्या तशाच जोखडाखाली मान देण्याची त्यांची इच्छा नाही. पण याच बाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात आल्या आणि उपाशी मुलींना व विधवांना घेऊन गेल्या. त्यांना केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये भाकरी, शाळा आणि उपासना तिन्ही मिळाली. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. बाईंनी संस्थेचा हुकूम नाकारला, आणि स्वतः केवढी तरी संस्था उभी केली.

एक प्रसंग माझ्या डोळ्यांसमोरचा आहे. यवतमाळ जिल्ह्यातील एका गावी मी नोकरीला असताना शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहत. चर्चशी त्यांचे बिनसले होते; वीसएक वर्षांत ते उपासनेला गेले नव्हते. रोज संध्याकाळी ओसरीवर बसून, धोतराच्या फाटक्या तुकड्यात गुंडाळलेला नवा करार सोडून ते वाचत आणि मग नीट गाठ मारून ठेवत. ऑगस्टमध्ये ते वारले. मुलगा कबरस्थानाची परवानगी मागायला गेला, तेव्हा समितीच्या चिटणिसांनी नोंदवही काढली, आणि बारीक अक्षरांतल्या रकान्यांवरून बोट फिरवीत वर्गणी कोणत्या वर्षापासून थकली आहे ते शोधू लागले. बाहेर पावसाची झड लागली होती, आणि काळी चिकण जमीन अशी की कुदळ मारली की कुदळीलाच चिकटून वर येई. नोंदवही चाळणे चाललेले असताना मंडळीतल्या बायका मृताच्या घरी जाऊन गीते म्हणायला बसल्या होत्या, आणि ज्या तरुणांशी म्हाताऱ्याने कधी धड बोलणेही केले नव्हते ते चौघे जण पोत्यांची खोळ डोक्यावर घेऊन खड्डा खणायला लागले होते. परवानगी मिळाली तेव्हा खड्डा कमरेइतका झालेला होता. संस्था आणि मंडळी यांतला फरक मला कोणत्याही ग्रंथापेक्षा त्या दुपारी जास्त समजला. आणि त्या वृद्धांचा विश्वास खरा होता, याविषयीही मला शंका नाही. पण माणसाला स्वतःला पुरता येत नाही, जसा स्वतःचा बाप्तिस्मा स्वतः करता येत नाही किंवा प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणविधीची, भाकर स्वतःच मोडून स्वतःलाच 'घ्या' म्हणता येत नाही.

तेव्हा पहाटेचे वाचन मुळीच सोडू नका. ते चर्चला जाण्याचा पर्याय म्हणून नको, एवढेच. चर्चमध्ये जाणे तूर्त अशक्य असेल तर आठवड्यातून एक संध्याकाळ घरप्रार्थना ठेवा आणि तिला दोन्ही तटांतल्या एकेका घराला बोलावा. दोघे किंवा तिघे जमले तरी पुरे, असे वचन आहे. अकरा घरांच्या गावात तेवढी माणसे मिळतील. त्या बैठकीत जागेचा आणि कोर्टाचा विषय काढायचा नाही, हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर चहा होईपर्यंत तीच समिती तुमच्या घरात भरेल. आणि सासूबाईंना बोलवायला विसरू नका. गीतांच्या चाली बहुधा त्यांनाच येत असतील.

मुलाला एवढेच सांगा की संस्था नुसत्या फुटत नाहीत. २९ नोव्हेंबर १९७० रोजी अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, बॅप्टिस्ट वगैरे सहा वेगवेगळ्या मंडळ्या आपल्या नागपुरात एकत्र आल्या आणि उत्तर भारतीय चर्च अस्तित्वात आले. त्यासाठी कित्येक वर्षे बैठका, मसुदे आणि वादविवाद चालले होते. कंटाळवाणे काम होते, पण कोणीतरी ते केले.

प्रश्न : मी धारणी तालुक्यातील कोरकू तरुण आहे. घरचे ख्रिस्ती नाहीत. तीन वर्षांपासून येशूची प्रार्थना करतो, पण बाप्तिस्मा घेतलेला नाही. बाप्तिस्मा घेतला तर जातीचा दाखला जाईल असे मित्र सांगतात. मनात श्रद्धा आहे, तेवढी पुरणार नाही का?
— एक वाचक

उत्तर : मित्रांनी दोन वेगळे नियम एकत्र केले आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा केवळ हिंदूंना होता. त्यात १९५६ मध्ये शिखांची आणि १९९० मध्ये बौद्धांची भर पडली, ख्रिस्ती मात्र अजून बाहेर आहेत. अनुसूचित जमातींच्या आदेशात धर्माची अशी अट नाही. कोरकू ही अनुसूचित जमात आहे. जमातीचे दाखले पडताळणीत अडवले जातात हे खरे असल्याने कागदपत्रे जपून ठेवा आणि जाणत्या वकिलाशी एकदा बोला, पण केवळ ऐकीव भीतीने निर्णय लांबवू नका.

विदर्भात किती माणसे या एका अटीपायी मनातून ख्रिस्ती आणि कागदावर दुसरेच काही होऊन राहिली असतील, याचा विचार केला की 'श्रद्धा ही खासगी बाब आहे' हे वाक्य मला वेगळेच ऐकू येते. काहींसाठी ती निवड असते, काहींवर ती लादलेली असते. तुमच्यावर ती लादलेली नाही, तेव्हा बाप्तिस्म्याचा निर्णय दाखल्याकडे न पाहता घ्या. तो झाल्याशिवाय बहुतेक चर्चमध्ये प्रभुभोजन दिले जात नाही. उपासनेला बसायला, वाचन ऐकायला आणि गीतांत सूर मिळवायला मात्र सहसा कोणी काही विचारत नाही. या रविवारी जा आणि उपासना संपल्यावर पाळकांना थांबवून हाच प्रश्न त्यांना विचारा.