विसरलेल्या गोष्टींची वही

"मॅडम, माझंही आईसारखंच होणार का?"

खुर्चीत नीट टेकण्याआधीच त्यांनी हे विचारलं आणि पर्समधून एक वही काढून माझ्यासमोर ठेवली. आत तारीखवार नोंदी होत्या. मोठ्या, ठसठशीत अक्षरात, एकेक ओळ सोडून लिहिलेल्या. "गॅस बंद केला का ते आठवेना, अर्ध्या वाटेतून परत आले. बंदच होता." "ऑफिसमधल्या नव्या मुलीचं नाव तिसऱ्यांदा विचारलं." "आतल्या खोलीत गेले, कशाला ते आठवलं नाही." "बोलताना 'इस्त्री' हा शब्द सापडेना, 'ते कपड्यांवर फिरवायचं' असं म्हणाले. मुलगा हसला." सहा महिन्यांत अशा ४३ नोंदी.

त्यांचं वय ४९. आईला ७६व्या वर्षी स्मृतिभ्रंश झाला आणि शेवटची चार वर्षं आईचं सगळं त्यांनीच केलं. आईला जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून स्वतःच्या प्रत्येक विसरण्याकडे त्या त्याच नजरेनं बघत होत्या. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, वय झालं आता, चालायचंच." त्यानं धीर द्यायला म्हटलं असेल, पण त्या वाक्यानंतर त्यांनी घरात हा विषय काढणंच सोडलं आणि वही सुरू केली.

त्यांच्या परवानगीनं, ओळख पटेल असे तपशील बदलून मी हे लिहिते आहे. कारण पंचेचाळिशी ओलांडलेली कितीतरी माणसं माझ्यासारख्या समुपदेशकाकडे हाच प्रश्न घेऊन येतात. पुरुषही येतात, फक्त ते जरा आडून विचारतात.

वही वाचून झाल्यावर मी त्यांना म्हटलं, "हे सगळं तुम्ही केव्हा लिहिता?"

"रात्री. साडेतीनला जाग येते, मग झोप नाही. दिवसभरात काय काय विसरले ते आठवून काढते."

"आणि आठवतं?"

त्या थांबल्या. "हो. सगळं आठवतं."

मला तिथंच थोडा सुटकेचा श्वास घेता आला, आणि त्यांनाही तो घेता यावा म्हणून मी हे सविस्तर सांगितलं. स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीला बरेचदा माणसाच्या आधी घरच्यांच्या लक्षात येतं. तोच प्रश्न दहा मिनिटांत पुन्हा विचारला जातो आणि आधी विचारल्याचं ध्यानात नसतं. रोजच्या वाटेवर चुकायला होतं. वर्षानुवर्षं हातात बसलेलं काम, हिशोब, स्वयंपाक, यांतल्या पायऱ्या विस्कटतात. त्यांच्या वहीत असं एकही नव्हतं. खोलीत कशाला आलो हे विसरणं वेगळं आणि ही खोली कुणाची हे विसरणं वेगळं. शिवाय ६५च्या आत स्मृतिभ्रंश होण्याचं प्रमाण कमी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार सगळ्या रुग्णांमध्ये असे फार तर ९ टक्के असतात. आईला उतारवयात झाला म्हणून लेकीचा धोका थोडा वाढतो, हे मी लपवलं नाही. पण धोका थोडा वाढणं म्हणजे ते कपाळावर लिहिलेलं असणं नव्हे.

नावांचं दुखणं तर जवळजवळ सगळ्यांचं. एखाद्या अनोळखी माणसाबद्दल कळलं की तो सुतारकाम करतो, तर लाकूड, रंधा, भुसा, सगळं डोळ्यांपुढे येतं आणि ते लक्षात राहतं. त्याचं आडनाव सुतार आहे एवढंच कळलं तर धरून ठेवायला काहीच नसतं. शब्द तोच, पण नावाला अर्थाचा आधार नसतो. म्हणून वाढत्या वयात आधी निसटतात ती नावं. ओठांवर येऊन अडलेलं नाव बरेचदा नाद सोडल्यावर आपोआप येतं, हे आपण सगळेच अनुभवतो.

मी त्यांना आणखी एक सांगितलं, कारण मला ते फार महत्त्वाचं वाटतं. वॉर्नर शाय या मानसशास्त्रज्ञानं १९५६ साली अमेरिकेत सिएटलला एक अभ्यास सुरू केला. त्याच त्या माणसांच्या बौद्धिक क्षमता त्यात कित्येक दशकं पुन्हा पुन्हा तपासल्या गेल्या. झटपट बघून झटपट ओळखण्याचा वेग तरुणपणापासूनच हळूहळू उतरताना दिसला. शब्दांची जाण आणि तर्क मात्र मधल्या वयात आपल्या शिखराजवळ होते. आपण मोजतो फक्त वेग, कारण तो कमी झालेला लगेच जाणवतो. आलेली समज जाणवत नाही, ती नुसती वापरली जाते.

तरीही मी त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवलं. "सगळं मनाचं आहे" असं तपासणीआधी म्हणण्याचा अधिकार कुठल्याच समुपदेशकाला नाही. थायरॉइड, बी १२, साखर, हिमोग्लोबिन, आणि पाळीबद्दल मोकळेपणानं बोलणं, एवढं मी कागदावर लिहून दिलं. थायरॉइड आणि बी १२ ठीक निघाले. हिमोग्लोबिन ९.८, म्हणजे कमी होतं. आठ महिन्यांपासून पाळी अनियमित आणि जास्त जात होती, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. "ते तर व्हायचंच ना या वयात," त्या म्हणाल्या. पुन्हा तेच वाक्य, या वेळी स्वतःच्याच तोंडून.

रजोनिवृत्ती साधारण ४५ ते ५५च्या दरम्यान येते, पण तिच्या आधीची काही वर्षं जास्त गोंधळाची असतात. मध्येच घाम फुटून जाग येते, डोक्यात धुकं भरल्यासारखं होतं, शब्द सापडत नाहीत. मधल्या वयातल्या स्त्रियांचा अनेक वर्षं पाठपुरावा करणाऱ्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात असं दिसलं की या संक्रमणाच्या काळात नवं शिकण्याचा वेग थोडा मंदावतो आणि पुढे पुन्हा सावरतो. डॉक्टरांनी त्यांच्यावर उपचार सुरू केले.

दुसऱ्या भेटीत आम्ही पेन्सिल घेऊन बसलो. प्रत्येक नोंदीसमोर एकच गोष्ट लिहायची: तेव्हा आणखी काय चाललं होतं? गॅसच्या वेळी त्या फोनवर होत्या आणि सासऱ्यांच्या गोळ्या मोजत होत्या. नव्या मुलीचं नाव कळलं तेव्हा समोर अर्धवट भरलेला तक्ता होता. आतल्या खोलीत जाताना मुलानं वाटेत काहीतरी विचारलं होतं. ४३ पैकी ३१ नोंदींसमोर दुसरं काम निघालं, आणि त्यातलं बहुतेक दुसऱ्या कुणाचं तरी. जे नीट ऐकलंच गेलं नाही, ते आठवणार कुठून? वर मोठ्यांची आजारपणं आणि खाली मुलांच्या परीक्षा, यांच्यामध्ये दाबल्या गेलेल्या या पिढीला 'सँडविच पिढी' हे नाव १९८१ साली मिळालं. अनुभव त्याहून फार जुना आहे.

लोक माझ्याकडे 'मिडलाइफ क्रायसिस' असं मोठं नाव घेऊन येतात. मनोविश्लेषक एलियट जॅक्स यांनी हा शब्द १९६५च्या लेखात वापरला तो कलावंतांच्या आयुष्याबद्दल बोलताना. मला भेटणाऱ्या बहुतेकांचं असं काही नाट्यमय नसतं. त्यांच्या दिवसात गर्दी वाढत गेलेली असते, आणि गर्दीत आधी हरवतात त्या बिनकामाच्या, आवडीच्या गोष्टी.

म्हणून मी विचारलं, "तुम्हाला स्वतःसाठी काय करायला आवडतं?"

"आवडायचं. भरतकाम करायचे. आता मन लागत नाही. दोन वर्षांपूर्वी उशीच्या अभ्र्यावर वेल भरायला घेतली होती, ती तशीच पडली आहे."

इथं माझी चूक झाली. आवडत्या गोष्टीतला रस जाणं हे नैराश्याचं एक मुख्य लक्षण. आईचं जाणं, तुटकी झोप, सततची चिंता, सगळं त्या चौकटीत बसत होतं. आवड परत येण्याची वाट न बघता आधी कृती सुरू करायची, मग मन मागून येतं, ही आमच्याकडची चांगली, पारखलेली पद्धत. मी त्यांना रोज संध्याकाळी वीस मिनिटं भरतकामाची दिली.

पुढच्या आठवड्यात त्या आल्या त्या चेहरा पाडून. "मॅडम, तेही गेलं. टाके वाकडे पडतात. डोकं दुखतं. लहानपणी आईनं शिकवलेला गाठी टाका, डोळे मिटून घालायचे मी. आता हातसुद्धा विसरले." आणि त्या रडल्या. त्यांच्या भीतीला मीच पुरावा मिळवून दिला होता.

मी म्हटलं, "पुढच्या वेळी ते घेऊन या. इथं बसून भरा. मला बघू दे."

त्यांनी आणलं. रिंगमध्ये ताणून बसवलेलं कापड, हिरव्या रेशमाची लडी. सुई ओवायला त्यांना चार वेळा प्रयत्न करावा लागला. मग त्यांनी रिंग जवळ घेतली, लांब केली, अजून लांब केली, हात जवळजवळ सरळ होईपर्यंत. मान मागे गेली. आणि मला त्या वहीतलं अक्षर आठवलं. मोठं, ठसठशीत, एकेक ओळ सोडून. ते पहिल्याच दिवशी माझ्यासमोर होतं.

"फोनवरची अक्षरं कधी मोठी करून घेतलीत?"

"झालं वर्षभर. मुलानं करून दिली."

"डोळे तपासलेत?"

"माझी नजर उत्तम आहे हो. मला कधीच चष्मा नव्हता. लांबचं सगळं लख्ख दिसतं."

ज्यांना आयुष्यभर चष्मा लागला नाही, त्यांनाच हे सर्वांत उशिरा कळतं. चाळिशीच्या आसपास डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं. जवळचं बघताना ते जेवढं फुगायला हवं तेवढं फुगत नाही. लांबचं दिसत राहतं, जवळचं पुसट होतं. चाळिशीचा चष्मा हा शब्दच आपल्याकडे त्यातून आला. त्या रोज संध्याकाळी, कमी उजेडात, न दिसणाऱ्या टाक्यांशी झटत होत्या आणि त्या कष्टाला 'मन लागत नाही' म्हणत होत्या. मी त्याला 'नैराश्याचं लक्षण' म्हणाले. दोघींनीही डोळ्यांना विचारलं नव्हतं. त्या दिवशी मी त्यांची माफी मागितली.

चष्मा आला. पंधरा दिवसांनी भेटल्या तेव्हा खुर्चीत बसायच्या आधीच बोलायला लागल्या, पहिल्या दिवशीसारख्याच. "मॅडम, ताणलेल्या कापडातून रेशीम ओढलं ना, की एक बारीक आवाज येतो. मी विसरलेच होते तो." मग एकदम म्हणाल्या, "म्हणजे विसरले नव्हते. ऐकला नव्हता इतक्यात." त्या वेलीत तीन हिरवे रंग आहेत हे त्यांना नव्यानं दिसलं होतं. दोन वर्षं त्या दोनच समजत होत्या.

यानं सगळं सुटलं असं मी म्हणणार नाही. साडेतीनची जाग बराच काळ राहिली. गाढ झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या पहिल्या भागात होऊन जातो, त्यानंतरची झोप हलकी असते आणि वयाबरोबर ती आणखी हलकी होते. जाग येणं त्यामुळे आपल्या हातात नसतं. जागेपणी वही उघडणं हातात असतं. वही आम्ही संध्याकाळी सहाच्या पंधरा मिनिटांत हलवली. चिंतेला दिवसातली ठरलेली वेळ द्यायची, रात्री ती आली तर "उद्या सहाला" म्हणून सांगायचं. पहिले आठ दिवस हे त्यांना खोटं वाटलं. मग सहा वाजता लिहायला बसल्यावर काही सुचेना असं होऊ लागलं. रात्री फार वेळ झोप लागली नाही तर अंथरुणातून उठून मंद दिव्यात बसायचं, डोळ्यांवर पेंग आली की परत जायचं, हेही त्यांनी चिकाटीनं केलं.

सासऱ्यांच्या गोळ्यांचं काम नवऱ्याकडे गेलं. त्यासाठी मी त्यांना जोडीनं बोलावलं. तो गप्प बसून ऐकत होता. ३१ नोंदींचा कागद बघून त्यानं विचारलं, "हे सगळं एकाच वेळी चालू असतं?" वारांचे कप्पे असलेली डबी त्यानंच आणली. दुसऱ्याच आठवड्यात तो बुधवारची गोळी विसरला आणि ती बातमी त्यांनी मला किती आनंदानं सांगितली! मला त्या आनंदात जराही दुष्टपणा दिसला नाही. विसरायला आजारीच असावं लागत नाही, हे त्यांना दुसऱ्या कुणात तरी बघायला मिळालं होतं.

आईबद्दल आम्ही सर्वांत शेवटी बोललो, आणि सर्वांत जास्त. ती चार वर्षं त्यांनी कधी कुणाला नीट सांगितली नव्हती. आई त्यांना ओळखेनाशी झाली तो दिवस, आणि तरी हातात सुई दिल्यावर आईची बोटं काही क्षण आपोआप हललेली तो दिवस. त्या दोन तासांतलं इथं मी एवढंच सांगते.

"वय झालं" हे वाक्य घेऊन आता कुणी माझ्याकडे आलं की मी ते तसंच्या तसं स्वीकारत नाही. आधी डोळे, कान, झोप, रक्त, पाळी, डोक्यावरची कामं आणि न रडलेलं दुःख, एकेक विचारते. प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे, आणि यातल्या पुष्कळांना इलाज आहे.

शेवटच्या भेटीत त्यांनी ती वही पुन्हा आणली. नोंदी ६१ वर थांबल्या होत्या. उलट्या बाजूनं उघडली तर पानावर पेन्सिलीनं एका नव्या वेलीचं रेखाटन होतं, कडेला रंगांचे आकडे. त्यांना भरतकामाचे बारकावे शिकवणाऱ्या शाळेतल्या बाईंबद्दल त्या सांगत होत्या आणि बाईंचं आडनाव अडलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्या क्षणभर थांबल्या, "असो," म्हणाल्या आणि पुढे बोलत राहिल्या. निघाल्या, जिना उतरल्याचा आवाज आला.

दोन मिनिटांनी पावलं परत वर आली. दार थोडंसं उघडून त्यांनी आत डोकावलं, आडनाव सांगितलं आणि हसत निघून गेल्या.