ओटा मिळणार आहे का, ते आधी सांगा

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही कोथरूडला राहतो. कार्तिकी एकादशी झाली की मी, हे, सासूबाई आणि नणंद असे चौघं आमच्या गाडीने नर्मदा परिक्रमेला निघतोय, साधारण अठरा दिवस. मुक्काम आश्रमात नाहीतर धर्मशाळेत. बऱ्याच ठिकाणी शिधा देतात आणि तो आपला आपण शिजवायचा असं ऐकलंय, आणि सासूबाईंना बाहेरचं तिखट चालत नाही म्हणजे तसंही स्वयंपाक मलाच करायचाय. ऑनलाइन तो हातात धरायचा स्लायसर बघितला, एकात बारा पाती वगैरे, तो घ्यावा का? की दोरी ओढायचा चॉपर बरा? घरी फूड प्रोसेसर आहे त्यामुळे हाताने चिरायची सवयच गेलीये हो. – एक वाचक

उत्तर : बारा पात्यांचा अजिबात नको, हे आधी सांगते आणि मग बाकीचं बोलू. ती बारा पाती ठेवायला वेगळा डबा लागतो, त्यातली दोन आपण वापरतो आणि उरलेली दहा तिसऱ्या मुक्कामाला कुठल्या पिशवीत गेली ते शोधताना नेमकं बोट कापतं.

आता खरा प्रश्न. धर्मशाळेत ओटा मिळेलच असं नाही. चूल किंवा गॅस असतो, एक नळ असतो, बाकी जमीन. आणि सुरीला खाली काहीतरी सपाट लागतंच, पाट म्हणा, बोर्ड म्हणा. विळीला ते लागत नाही, म्हणून आपल्या आज्या प्रवासाला निघताना घडीची विळी न्यायच्या आणि मी आजही म्हणेन की जमिनीवर बसता येत असेल तर तिच्यासारखी दुसरी वस्तू नाही, पालेभाजीपासून नारळापर्यंत सगळं होतं. पण तुम्ही म्हणताय सवय गेली, आणि सासूबाईंनी मदत करायची म्हटली तर गुडघे काय म्हणतात तेही बघायला हवं. तेव्हा उभ्याने, पातेल्याच्या काठावर टेकवून चालवता येईल असा लहान चपटा स्लायसर, म्हणजे खरंतर आपली चिप्सची किसणीच, तो तुम्हाला बरा.

घेताना काय बघायचं ते सांगते. पहिलं म्हणजे खालच्या टोकाला खाच हवी, ती पातेल्याच्या काठात अडकते आणि किसणी सरकत नाही. पातं स्क्रूने बसवलेलं बघा, नुसतं प्लॅस्टिकमध्ये दाबून बसवलेलं पुढे खुळखुळतं. सरळ आडव्या पात्यापेक्षा तिरकं किंवा इंग्रजी व्ही च्या आकाराचं असेल तर जोर कमी लागतो, कारण भाजी एकदम अडत नाही, कडेकडेने कापली जाते. सिरॅमिकचं पातं गंजत नाही हे खरं, पण पडलं की टवका उडतो, आणि गाडीच्या डिकीत अठरा दिवस म्हणजे पडणारच, त्यामुळे साधं स्टेनलेस स्टील.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, भाजी धरायची ती प्लॅस्टिकची टोपी, होल्डर म्हणतात तिला. मी स्वतः दापोलीला एका घरगुती मुक्कामात ती न लावता बटाट्याचे काप करायला बसले, गप्पा चालू होत्या, आणि बटाटा संपला हे मला बटाट्याच्या आधी अंगठ्याने सांगितलं. पुढचे तीन दिवस भांडी ह्यांनी घासली एवढाच काय तो फायदा. टोपी हरवली तर काटा-चमचा टोचून धरा, आणि शेवटचा दोन बोटांएवढा तुकडा राहिला की तो सोडून द्या, सुरीने चिरून भाजीत टाका. गोल बटाटा घरंगळतो, म्हणून आधी अर्धा करायचा आणि सपाट बाजू पात्यावर. काप करून लगेच पाण्यात, नाहीतर काळे पडतात.

दोरीचा चॉपर वाईट नाही, कांदा-टोमॅटो बारीक करायला मलाही आवडतो. पण त्याचं भांडं, झाकण, मधलं पातं असं तीन-चार सुटे भाग प्रत्येक वेळी धुवायचे, झाकणात पाणी गेलं तर दोरी ओली राहते आणि वास मारते, शिवाय काकडीचा त्यात लगदा होतो. जिथे एकाच नळावर दहा जण उभे आहेत तिथे हा उद्योग नको. स्लायसर एका तांब्याभर पाण्यात धुऊन होतो. जुन्या टूथब्रशने, आणि धारेच्या उलट बाजूने, धारेकडे बोट नेऊ नका. लगेच पुसून वर्तमानपत्रात गुंडाळायचा नि रबरबँड, ओला ठेवला तर स्क्रूपासून गंज धरतो.

बरोबर एक छोटी सुरी आणि एक सोलाणं न्याच. शिध्यात बहुतेक पीठ, डाळ, तांदूळ, बटाटे असंच येतं, लाल भोपळा मिळाला तर त्याच्या सालीपुढे स्लायसर काही करू शकत नाही, भेंडी-गवारीला तर त्याचा उपयोगच नाही. कोबी, काकडी, बटाटा, गाजर, कांदा, एवढ्यासाठी तो. आणि काकडीची कोशिंबीर खमंगच हवी असेल तर हातात धरून सुरीने चोचवलेल्या काकडीची चव कापांना येत नाही हे तुम्हीही जाणताच, पण चौघांच्या पोळ्या लाटायच्या असताना कोण चोचवत बसणार.

रात्री चिरून सकाळसाठी ठेवू नका, फ्रिज नाही. आणि चालत्या गाडीत चिरायला बसू नका, हसताय पण लोक बसतात.

घ्यायचा कुठून? ऑनलाइन फोटोत खाच दिसत नाही, म्हणून एकदा तुळशीबागेत जाऊन हातात धरून बघा. तिथे कुणी मुळा भराभरा कापून दाखवत असेल तर दोन मिनिटं बघा जरूर, पण तो हात त्याचा आहे, स्लायसरचा नाही. घडीची विळी बघायची असेल तर बोहरी आळीत चक्कर मारा. घरी आणल्यावर निघायच्या आधी आठवडाभर रोज कोशिंबीर त्याच्यावरच करा, फूड प्रोसेसरला सुट्टी.

प्रश्न : आम्ही सदाशिव पेठेतले पाच जण रेल्वेने रामेश्वरला जातोय, येताना मदुराईहून विमान आहे. स्लायसर, विळी, छोटा गॅस नेला तर चालेल का? – एक काका

उत्तर : काका, स्लायसर आणि विळी ट्रेनमध्ये बॅगेत नीट गुंडाळून न्या. विमानाच्या वेळी मात्र दोन्ही चेक-इन बॅगेत, हातातल्या बॅगेत पातं असलं की सिक्युरिटीवाले काढून घेतात आणि मग बायकोची जुनी विळी गेली म्हणून घरी काय होतं ते तुम्ही बघा. गॅस मात्र नकोच, रेल्वेतही नको आणि विमानातही नको. ऑगस्ट 2023 मध्ये तुमच्याच मदुराईला यात्रेकरूंच्या खास डब्यात लपवून नेलेल्या सिलिंडरमुळे आग लागून नऊ जण गेले. चहाची तलफ स्टेशनवर भागवा, आणि रामेश्वरला स्वयंपाकघर असलेली खोली आधीच बघून ठेवा, म्हणजे विळी नेल्याचं सार्थक होईल.