वाचलेलं डोक्यात का राहत नाही?

प्रश्न: मी लातूरला नीटची तयारी करते. जीवशास्त्राचा धडा तीन-तीनदा वाचते, हायलायटरनं रेघा मारते. वाचताना सगळं येतंय असं वाटतं, टेस्टला मात्र काही आठवत नाही. माझी स्मरणशक्ती कमी आहे का?

उत्तर: नाही गं. तिसऱ्यांदा वाचताना डोळे सरसर पुढं जातात आणि त्यालाच आपण ‘मला येतं’ समजतो. ओळीची ओळख पटणं वेगळं, पुस्तक मिटून ती आठवणं वेगळं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हे तपासलं. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवेल तसा लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढं होते. आठवड्यानं घेतली तेव्हा लिहिणारे. तुझी परीक्षा पाच मिनिटांनी नाही! मूत्रपिंडातल्या नेफ्रॉनचं पान एकदा नीट वाच, पुस्तक मिट, कोऱ्या कागदावर आकृती काढ. लूप ऑफ हेन्लेपाशी अडलीस की तेवढंच उघडून बघ. जड जाईल, चिडचिडही होईल. तरी रेघांचा वेळ इकडं दे.

प्रश्न: नोट्स मोठ्या टाइपात छापल्या तर जास्त लक्षात राहतील का? (अभ्यासिकेतला विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: तसं वाटतं खरं. प्रयोगातही मोठ्या अक्षरांतले शब्द जास्त आठवतील असा लोकांचा अंदाज होता, आठवले सारखेच. डोळ्यांना ताण पडत असेल तर जरूर मोठा टाइप घ्या.

प्रश्न: वडील चौथी शिकलेले. लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्याच्या आदल्या वर्षी कोणत्या वावरात काय पेरलं होतं ते सांगतात. पण डॉक्टरांनी नव्यानं दिलेल्या दोन गोळ्यांचा घोळ करतात. काळजी करावी का? (परभणी)

उत्तर: तेवढ्यावरून घाबरू नका. बुद्धिबळाच्या खऱ्या डावातला पट पाच सेकंद दाखवला तर कसलेला खेळाडू तो बराचसा जसाच्या तसा मांडतो. तेच मोहरे कसेही विस्कटून ठेवले की त्याची नवख्यावरची आघाडी जवळजवळ संपते. तुमच्या वडिलांचा पट म्हणजे शेती. पाऊस, पेरणी, भाव हे सगळं त्यांच्या डोक्यात एकमेकांत गुंतलेलं आहे, म्हणून २०१५ची गोष्ट निसटत नाही. गोळ्यांच्या इंग्रजी नावांना मात्र अडकायला तिथं काहीच नाही. म्हणून डॉक्टरांना वेळ विचारून त्या रोजच्या कामाला बांधा: पांढरी धार काढून आल्यावर, पिवळी रात्री गोठ्याचं दार लावल्यावर. मात्र नेहमीची वाट चुकू लागले किंवा घरच्यांची नावं विसरू लागले, तर डॉक्टरांकडं न्यायला उशीर करू नका.