वाचक विचारतात : हेरकथेतला मंत्री पकडायचा कसा?

प्रश्न : माझ्या कादंबरीचा नायक दिल्लीत आयबीचा (देशांतर्गत गुप्तचर यंत्रणेचा) अधिकारी आहे. तो एका मंत्र्याचा फोन स्वतःच्या जबाबदारीवर टॅप करतो, लाचेचं बोलणं ऐकतो आणि त्याला बेड्या घालतो. जाणकारांना हे पटेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : बेड्या आधी काढा. आयबीला अटकेचा अधिकार नाही, परदेशातली हेरगिरी पाहणाऱ्या रॉलाही नाही. अटक सीबीआय करणार, राज्यात एसीबी, म्हणजे लाचलुचपत प्रतिबंधक विभाग. तुमच्या नायकाने फार तर वर टिपण पाठवायचं. ते कुणाच्या टेबलावर अडकतं, यात निम्मी कादंबरी निघेल.

टॅपिंगचा आदेश केंद्रात गृहसचिव देतो. तातडीची वेळ असेल तर यंत्रणेचा प्रमुख किंवा त्याच्या खालोखालचा अधिकारी सुरुवात करू शकतो, पण ३ कामकाजी दिवसांत कळवावं लागतं आणि ७ कामकाजी दिवसांत मंजुरी मिळाली नाही तर टॅपिंग तिथेच थांबतं. तोवर ऐकलेलं कोर्टात चालत नाही. आदेशाची मुदत ६० दिवस, वाढवत नेली तरी जास्तीत जास्त १८०. म्हणजे सातवा कामकाजी दिवस उजाडलाय, गृहसचिव दौऱ्यावर आहे आणि फाइल सहीविना पडून आहे. असा प्रसंग लिहा, पिस्तुलाची गरज पडणार नाही.

आणखी एक खाच आहे. टॅपिंगला सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता हा आधार लागतो. लाचखोरी त्यात बसते का? २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने बसते असं मानलं, तर मद्रास उच्च न्यायालयाने लाचेच्या प्रकरणातला टॅपिंगचा आदेश रद्द केला. मंत्र्याच्या वकिलाच्या तोंडी हे घाला. रेकॉर्डिंगची प्रत दाखल करताना इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडायला मात्र विसरू नका. ते सक्तीचं आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक दाव्यात पक्कं केलं.

प्रश्न : लाचेच्या सापळ्यात नोटांना लावतात ती पावडर कोणती? आणि सापडूनही आरोपी सुटतात कसे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : सीबीआयच्या सापळ्यात सहसा फिनॉल्फ्थॅलिन. बोटं सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवली की द्रावण गुलाबी होतं, मग ते बाटलीत सीलबंद होतं. महाराष्ट्रात एसीबीच्या कित्येक पंचनाम्यांत अँथ्रासिन दिसते. ती अतिनील दिव्याखाली निळसर चमकते. नोटांचे नंबर आधीच पंचांसमोर उतरवतात. पावडर लावणाऱ्या शिपायाला पुढच्या कुठल्याही कामात ठेवत नाहीत. त्याच हातांनी त्याने बाटलीला स्पर्श केला तर बचाव पक्षाला आयता मुद्दा मिळतो.

पण रंग आला म्हणजे गुन्हा शाबित झाला असं नाही. मागणी सिद्ध व्हावी लागते, म्हणून सापळ्याआधी मागणीची पडताळणी पंचांसमक्ष रेकॉर्ड करतात. नोटा टेबलाच्या खणात मिळाल्या, साहेबाने हातच लावला नाही, तक्रारदार फितूर झाला, की खटला डळमळतो. तरी फितुरीने सगळंच संपत नाही : २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की तक्रारदार उलटला किंवा मरण पावला तरी परिस्थितीजन्य पुराव्यावरून मागणी सिद्ध करता येते. मंत्र्यासाठी पैसे स्वीय सहायक घेतो, हे कथेत जरूर ठेवा. मग सहायक कुणाच्या सांगण्यावरून वागला, ही खरी लढाई. जागच्या जागी पकडण्याला भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८च्या दुरुस्तीतली पूर्वपरवानगी लागत नाही. मंत्र्याने पदावरून घेतलेल्या निर्णयाची चौकशी करायची असेल तर मात्र ही परवानगी मागणारं कलम १७ अ आडवं येतं, आणि खटल्याच्या मंजुरीसाठी पुन्हा वेगळी फाइल.

प्रश्न : सीबीआयचं पथक थेट मुंबईत उतरवलं तर? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : कथेचं साल बघा. सीबीआयला राज्यात तपास करायला राज्याची सर्वसाधारण संमती लागते; महाराष्ट्राने ती ऑक्टोबर २०२० मध्ये काढून घेतली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये परत दिली. त्या दोन वर्षांत नव्या प्रकरणाला राज्याची संमती किंवा कोर्टाचा आदेश लागत होता.

प्रश्न : शेवटी निवृत्त रॉ अधिकारी पुस्तक लिहून सगळं उघड करतो. चालेल? (एक वाचक, पणजी)

उत्तर : २०२१ मध्ये पेन्शनचे नियम बदलले : अशा यंत्रणेतून निवृत्त झालेल्याने तिच्याबद्दल लिहायचं तर आधी प्रमुखाची परवानगी घ्यायची, नाहीतर पेन्शनवर गदा. वर १९२३चा शासकीय गुपिते कायदा आहेच. त्यापेक्षा पत्रकाराकडून माहिती अधिकाराचा अर्ज करवा. आयबी आणि रॉ त्या कायद्यातून वगळल्या आहेत, पण कलम २४ मध्ये भ्रष्टाचाराच्या आरोपांसंबंधीची माहिती अपवाद म्हणून ठेवलेली आहे. अर्जात 'भ्रष्टाचाराचे आरोप' हे शब्द स्पष्ट लिहायला लावा. पहिला नकार आलाच तर अपिलाला ३० दिवस मिळतात.