टपालपेटीच्या खांबाभोवती साधारण मीटरभर जागा आहे, ऊन दिवसभर असतं. तिथे कोणती झाडं लावावीत, आणि खांबावर वेल चढवला तर चालेल का?

रोपवाटिकेत जायच्या आधी पेटीपाशी उभे राहा, झाकण पूर्ण उघडा आणि आतली पत्रं काढा. हात, कोपर आणि पाय जिथे जिथे येतात ती जागा झाडांची नाही. बहुतेकांची निवड इथेच चुकते, कारण पिशवीतलं वीतभर रोप बघून झाड घेतलं जातं. पूर्ण वाढल्यावरची उंची आणि पसारा विचारून घ्या. पेटीच्या तळापासून खाली निदान 30 सेंमी मोकळं राहील, इतपतच झाड उंच हवं. रस्त्याच्या बाजूला 20 सेंमीपेक्षा कमी उंचीचं लावा. गाडी बाहेर काढताना रस्ता दिसायला हवा, हेही त्यातच आलं.

गुलाब, बोगनवेल, घायपात नको. पोस्टमनला रोज ओरखडे कशाला? गवती चहाचं पातंसुद्धा हात कापतं. मधमाश्या ज्यावर घोंगावतात ती फुलं झाकणाच्या विरुद्ध बाजूला ठेवा.

भर उन्हासाठी तीनच प्रकार पुरे, जास्त केले की वाफ्याची खिचडी होते. मागे सदाफुलीची बुटकी जात, 30 सेंमी अंतरावर 4-5 रोपं. पुढच्या कडेला ऑफिस टाइम (पोर्टुलाका हे बुटकं फुलझाड), 20 सेंमीवर 8-9 काड्या. मधे रेन लिलीचे 10-12 कंद, मान मातीच्या पातळीला ठेवून. ऑफिस टाइमची फुलं ढगाळ दिवशी उघडत नाहीत, पण डांबराच्या झळा ती मजेत सोसते आणि पायाखाली तुटलेली काडीही पुन्हा मुळं धरते. रस्त्याकडेला याहून जास्त काय हवं! सदाफुली मात्र खाल्ली तर विषारी आहे; लहान मुलं किंवा गुरं तिथे फिरत असतील तर तिच्या जागी बुटका झेंडू लावा. बर्फाच्या प्रदेशात, जिथे रस्त्यावर मीठ टाकतात, तिथे सेडम (जाड, रसाळ पानांचं झाड) आणि डे-लिली ही फुलझाडं टिकतात.

वेल चालेल, पण एकच आणि हलका. गोकर्ण उत्तम: खांबाला सुतळी बांधून वर न्या आणि पेटीच्या तळाशी आला की शेंडा खुडा, नाहीतर तो बिजागरीत शिरतो. मधुमालती छतभर पसरणारी आहे, खांबाला ती झेपणार नाही. गारवेलाचं बी सगळीकडे सांडतं, पुढची दोन-तीन वर्षं तण म्हणून उपटत बसाल.

आता माती. रस्त्याकडेला ती दाबलेली असते, वर मुरूम आणि बांधकामाचा राडारोडा. 25-30 सेंमी खणा, दगड काढा, वर 5 सेंमी थर होईल इतकं कंपोस्ट मिसळा. खांबाच्या बुडाशी काँक्रीट असेल तर ते खणून सैल करू नका. तेवढी जागा मोकळीच ठेवा. जमिनीखालून केबल किंवा पाइप गेलाय का, हे आधी विचारा. काँक्रीटच्या चुन्याने आसपासची माती अल्कधर्मी होते, म्हणून अनंतासारखी आम्लप्रेमी झाडं तिथे पिवळी पडतात: शिरा हिरव्या, मधलं पान पिवळं. खत वाढवून ते सुधारत नाही, कारण माती असलेलं लोहही मुळांना घेऊ देत नाही.

लाकडी खांब असेल तर माती आणि आच्छादन त्याला टेकू देऊ नका, 5-8 सेंमी अंतर ठेवा. लाकूड कुजतं ते जमिनीलगत, जिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात.

पाणी ही खरी अडचण, कारण नळी तिथवर पोचत नाही. पहिले 3-4 आठवडे पाऊस नसेल तर एक दिवसाआड, नंतर माती बोटभर खोल सुकली की चौरस मीटरला 10 लिटर, म्हणजे एक बादली. रोज तांब्याभर शिंपडलं तर मुळं वरच राहतात आणि पहिल्या कडक दुपारी झाड मान टाकतं. उलट, माती ओली असूनही सदाफुली मलूल दिसली तर बुडाशी खोड बघा. ते काळं, मऊ पडलं असेल तर मूळ कुजलंय. अशा वेळी आणखी पाणी घालणं हीच नेहमीची चूक. रोप उपटून टाका आणि तिथे निचरा सुधारल्याशिवाय पुन्हा सदाफुली लावू नका.