काकांचं अर्धं खरं

बडोदे

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

गौरीजेवणाच्या पंगतीत काकांशी तुझी जुंपली आणि तू भरल्या ताटावरून उठलीस, हे आईकडून कळलं. रागवायला लिहीत नाहीये. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेली, अकोटा भागातल्या काकांच्या घरात पाणी शिरलं, तरी ते म्हणतात, ‘हवामानबदल वगैरे काही नाही. आजवा तलावाचं पाणी सोडलं आणि नदीत भराव घातला, म्हणून बुडालो.’

पण ते अर्धं खरं आहे गं! नदीचं पात्र आवळलंय, कांसांवर, म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या नाल्यांवर, बांधकामं झालीत. तेवढं आधी मनापासून मान्य कर. मग विचार की, भराव तर वर्षभर तिथेच असतो, एवढं पाणी थोड्या दिवसांत आभाळातून आलं कसं? हवा एका अंशानं तापली की सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरू शकते, म्हणून कोसळतो तेव्हा पाऊस जास्त जोरानं कोसळतो. भराव आणि तापलेली हवा, दोन्ही एकाच पुरात मावतात. काकांना हरावं लागत नाही.

मला हे उशिरा कळलं. माझा दादा तीस वर्षं तेलशुद्धीकरणाच्या कामात होता. मी विज्ञानाची शिक्षिका, त्याच्यापुढे आलेख मांडायची: 1958 मध्ये हवेतला कार्बन डायऑक्साइड दशलक्षात 315 भाग होता, आता 420 च्या वर. त्याला ऐकू यायचं एवढंच, की तुझं आयुष्य चुकीच्या कामात गेलं. वर्षभर तो माझ्याशी धड बोलला नाही. ते वर्ष मला अजून सलतं.

आकडे कमी पडतात म्हणून माणसं हटून बसतात असं नाही. संशोधक डॅन कहान आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये अमेरिकेत तपासलं, तर विज्ञान आणि गणित चांगलं येणाऱ्यांमध्येच हवामानाच्या धोक्याबद्दल सर्वांत जास्त दुफळी दिसली. हुशारी आपल्या माणसांची बाजू लढवायला वापरली जाते. तुझी आणि माझीसुद्धा.

काकांचं मला एक वाटतं. फंडाच्या पैशातून बांधलेलं घर आहे ते. चूक आजव्याच्या दरवाजांची असेल, तर ती कुणीतरी सुधारेल आणि घर वाचेल. हवाच बदलली असेल, तर पुढच्या श्रावणात काय? या भीतीला तू पंगतीत, सगळ्यांदेखत, ‘अडाणीपणा’ म्हणालीस.

दिवाळीत एकटीच जा. भिंतीवरची पाण्याची रेघ कुठवर आहे ते त्यांनाच दाखवायला सांग. 2019 ची कुठे होती, त्याआधीची कुठे, वहीत लिहून घे. मीटर वर उचलायचा का, धान्याची कोठी माळ्यावर न्यायची का, हे त्यांच्याशी ठरव. कारणांचं बोलणं त्यातून निघालं तर निघेल, त्या दिवशी नाही निघालं तरी चालेल.

आणि त्यांच्यासाठी लीलो चेवडो घेऊन जा, त्यांना आवडतो.

तुझ्या बाई