उड्डाणपुलाआधी लेन बदलायला मनाई असेल, तर ती ओपनस्ट्रीटमॅपवर कशी दाखवायची?

तुमच्याकडची परिस्थिती मला समजली ती अशी. डावीकडून एक रस्ता येऊन मुख्य रस्त्याला मिळतो आणि पुढे थोड्याच अंतरावर उड्डाणपूल सुरू होतो. मधल्या भागात डावी लेन अखंड पांढऱ्या रेषेने वेगळी केली आहे. त्यामुळे बाजूच्या रस्त्याने आलेल्यांना पुलावर चढता येत नाही, खालच्या सर्व्हिस रोडनेच जावं लागतं. ओपनस्ट्रीटमॅप या कोणीही दुरुस्त करू शकेल अशा खुल्या नकाशावर चालणारं ॲप मात्र त्यांना बिनधास्त पुलावर पाठवतं. लेनचे टॅग (नकाशात रस्त्याला जोडलेल्या माहितीच्या नोंदी) भरूनही फरक पडला नाही, म्हणून डावी लेन वेगळा रस्ता म्हणून काढावी का, असं तुम्ही विचारलंय.

कृपा करून तसं करू नका. एक रस्ता दोन रेघांनी काढायचा तो मध्ये दुभाजक, कठडा असं काहीतरी खरोखर उभं असेल तरच. नुसत्या रंगासाठी रस्ता चिरला, की नकाशा नसलेला अडथळा दाखवतो, लेनची संख्या चुकते आणि पुढे दुरुस्ती करणाऱ्याला जमिनीवर काय आहे ते कळत नाही.

लेनचे टॅग भरलेत ते चांगलंच केलंत, फक्त ते बरोबर आहेत का बघा. (एडिटरमध्ये ते रोमन लिपीत जातात, इथे उच्चार लिहिते.) लेन मोजायच्या त्या प्रवासाच्या दिशेने, डावीकडून उजवीकडे. तीन लेन असतील आणि पहिली-दुसरीच्या मध्ये अखंड रेषा असेल, तर 'चेंज:लेन्स' या, कुठल्या लेनमधून कुठे जाता येतं ते सांगणाऱ्या टॅगची किंमत 'नो|नॉट लेफ्ट|नॉट राइट' अशी होईल. पहिल्या लेनच्या डावीकडे रस्त्याची कड आणि उजवीकडे अखंड रेषा, म्हणून 'नो'. दुसरीतून डावीकडे जायचं नाही, पण उजवीकडे चालेल. तिसरीच्या उजवीकडे कड आहे, म्हणून तिथून फक्त डावीकडे. जोडीला 'टर्न:लेन्स'मध्ये प्रत्येक लेनचा बाण भरलात, तर 'डाव्या लेनमध्ये राहा' हे ॲप वेळेत सांगू शकतं.

पण मार्ग शोधताना बहुतेक राउटर (ॲपमधले मार्ग ठरवणारे प्रोग्राम) 'चेंज:लेन्स' बघतच नाहीत. त्यांच्या लेखी दोन जोडांमधला रस्ता हा एकच तुकडा असतो, गाडी त्यातल्या कुठल्या लेनमध्ये आहे हे त्यांना माहीत नसतं. म्हणून मनाई वेगळी सांगावी लागते, आणि ती रिस्ट्रिक्शन रिलेशनने, म्हणजे संबंधित रस्ते एकत्र बांधून मनाई सांगणाऱ्या नोंदीने. त्यात तीन सदस्य असतात: फ्रॉम (कुठून), व्हाया (कशावरून), टू (कुठे). साध्या चौकात व्हाया म्हणजे एक बिंदू. तुमच्याकडे बाजूचा रस्ता फ्रॉम, तो मिळतो तिथपासून पूल फुटतो तिथपर्यंतचा मुख्य रस्त्याचा तुकडा व्हाया, आणि पुलाची चढण टू. प्रकार 'नो स्ट्रेट ऑन' ठेवा. पूल उजवीकडे फुटत असेल तर 'नो राइट टर्न'. राउटर सहसा 'नो' आहे की 'ओन्ली' एवढंच पाहतात, दिशा माणसांसाठी.

मनाई त्या बिंदूवर किंवा रस्त्यावरच का लिहीत नाहीत? कारण ती जागेची नसते, येण्या-जाण्याच्या जोडीची असते. चार रस्त्यांच्या चौकात यू-टर्न सोडूनही 12 हालचाली होतात आणि त्यातली एखादीच बंद असू शकते. तुमच्याकडेही मुख्य रस्त्यावरून सरळ येणाऱ्यांना पूल खुलाच आहे. म्हणून राउटरलाही 'या चौकात पोचलो' एवढं लक्षात ठेवून भागत नाही, 'कुठल्या रस्त्याने पोचलो' तेही ठेवावं लागतं. दुभाजकाच्या पंक्चरवरचा (मधल्या मोकळ्या जागेतला) यू-टर्न बंद करायचा असेल तरी हीच पद्धत: जाणारी बाजू फ्रॉम, पंक्चरमधला छोटा तुकडा व्हाया, येणारी बाजू टू.

हे टाकण्याआधी प्रत्यक्ष जाऊन एक गोष्ट नक्की बघा: रेषा जोडापासून पुलापर्यंत सलग अखंड आहे का? मध्ये काही मीटर जरी ती तुटक असेल, तर तिथे लेन बदलता येते आणि हे रिलेशन चुकीचं ठरतं. चालवायला अवघड असणं वेगळं आणि मनाई असणं वेगळं. दुसऱ्या कंपनीच्या नकाशावरून हे उचलू नका, परवाना तशी मुभा देत नाही.

मनाई ठरावीक वेळेचीच असेल, तर 'रिस्ट्रिक्शन:कंडिशनल'मध्ये वार आणि वेळ देता येते. बस किंवा सायकलला सूट असेल तर 'एक्सेप्ट' वापरा. चार दिवसांच्या बंदोबस्तासाठी मात्र नकाशाला हात लावू नका.

सगळं करूनही ॲप ऐकत नसेल, तर आधी रस्ते बरोबर तुटलेत का तपासा. फ्रॉमचा रस्ता व्हाया सुरू होतो त्याच बिंदूवर संपायला हवा आणि टू व्हाया संपतो तिथूनच सुरू व्हायला हवा. बाजूचा रस्ता जोड ओलांडून पुढे जात असेल, तर तो तिथे तोडा आणि रिलेशनमध्ये जोडापर्यंत येणाराच तुकडा ठेवा. त्यानंतरही थोडे दिवस थांबा, कारण बरीच ॲप्स नकाशाची नवी प्रत ठरावीक काळानेच उतरवून घेतात.